गिरकी येते काठावरून

गोदावरीला पूर आला की नाशिककर तो नदीकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर मोजतात. पाणी गुडघ्याला लागले, कमरेला लागले, छातीपर्यंत चढले, डोक्यावरून गेले, अशा शब्दांत शहरभर खबर पोहोचते आणि फारच झाले तर नारोशंकराच्या मंदिरातल्या घंटेचा विषय निघतो. १९६९, २००८, २०१६, २०१९ या साली आलेल्या पुरांच्या आठवणी याच मापाने सांगितल्या जातात. त्याच वेळी जलसंपदा विभाग गंगापूर धरणातून किती क्युसेक पाणी सोडले आणि होळकर पुलाखालून किती विसर्ग चालला आहे, हे तासातासाने जाहीर करत असतो. एक माप उंचीचे आणि दुसरे दर सेकंदाला वाहून जाणाऱ्या पाण्याचे. दोन्ही मापे हवीतच, पण नदी पुरात नेमके काय करते ते दोन्हींतून कळत नाही. पाण्याची उंची आणि विसर्ग तेच असले तरी घाटाची एक पायरी जागच्या जागी राहते आणि शेजारची उखडते. पुलाच्या एका खांबाशी गाळ साचतो, तर दुसऱ्याशी खड्डा पडतो. हा फरक भोवरे करतात. भोवऱ्यांची मोजदाद मात्र कुठल्याच पूरपत्रकात नसते.

द्रव, वायू आणि प्लाझ्मा यांच्या प्रवाहांतले भोवरे हा विषय मराठी वाचकापुढे मांडताना या प्रस्तावनेत एकच म्हणणे लावून धरायचे आहे. भोवरा समजून घ्यायचा असेल तर आधी त्याच्या काठाकडे पाहावे. भोवरा दिसतो प्रवाहाच्या मध्यावर, पण त्याची गिरकी बहुतेक वेळा आलेली असते कुठल्या तरी कडेवरून: तळ, भिंत, खांब, पंखाची धार, किंवा दोन वेगळ्या थरांमधली सीमा. या विधानाला अपवाद आहेत आणि ते किरकोळ नाहीत. त्यांची दखल पुढे घेतली आहे.

आधी एक घोटाळा दूर करायला हवा. पाणी गोल फिरताना दिसले की तिथे गिरकी आहे असे आपण धरून चालतो. गणित वेगळे सांगते. सरळ कालव्यात संथ वाहणाऱ्या पाण्यावर गोल काहीच दिसत नाही, पण तळाजवळचे पाणी सावकाश आणि वरचे वेगाने जात असल्याने त्यातला प्रत्येक कण स्वतःभोवती गिरकी घेतच पुढे जातो. उलट मोरीच्या भोकावर जो भोवरा बनतो, त्यात मधला गाभा सोडला तर बाकीचे पाणी गोल वाटेने जाते खरे, पण त्यातला कण स्वतःभोवती फिरत नाही. त्यात टाकलेली काडी मोरीभोवती प्रदक्षिणा घालते आणि तिचे टोक मात्र जवळपास एकाच दिशेला राहते. कणाच्या या स्वतःभोवतीच्या फिरण्याला शास्त्रज्ञ व्हॉर्टिसिटी म्हणतात. इथे आपण तिला गिरकी म्हणू. (मोरीतला भोवरा कुठल्या बाजूने फिरेल हे पृथ्वीच्या परिवलनावर ठरते, ही समजूत घरच्या मोरीपुरती खोटी आहे. १९६२ मध्ये ॲशर शपिरो यांना प्रयोगशाळेत तो परिणाम दाखवता आला, पण त्यासाठी टाकीतले पाणी दिवसभर पूर्ण निश्चल ठेवावे लागले.)

१८५८ मध्ये हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी या गिरकीचे नियम मांडले. ज्याला चिकटपणा नाही अशा आदर्श द्रवात गिरकीची रेषा द्रवाबरोबर वाहत जाते. ती द्रवाच्या मध्येच कुठे संपू शकत नाही. एक तर ती स्वतःला मिळून कडे तयार करते, नाही तर तिची टोके सीमेवर जाऊन टेकतात. १८६९ मध्ये लॉर्ड केल्व्हिन यांनी त्याचीच दुसरी बाजू सिद्ध केली: अशा द्रवात एकाच कणांनी बनलेल्या बंद वाटेवरचे अभिसरण, म्हणजे त्या वाटेने घेतलेली वेगाची बेरीज, काळाबरोबर बदलत नाही. म्हणजे आदर्श द्रवात भोवरा नव्याने जन्मत नाही आणि असलेला मरत नाही. केल्व्हिन या अमरत्वावर इतके भाळले की त्यांनी १८६७ मध्येच अणू म्हणजे ईथरमधली गाठ मारलेली भोवराकडी असावीत, अशी कल्पना पुढे केली होती. ती कल्पना टिकली नाही. तिच्यापायी त्यांचे मित्र पीटर टेट यांनी गाठींची जी कोष्टके केली त्यांतून गणिताची एक शाखा मात्र उभी राहिली.

या नियमांतूनच खरा पेच उभा राहतो. पावसाळ्याआधी गंगापूर धरणातले पाणी जवळपास स्थिर असते, म्हणजे त्यात गिरकी नसते. तेच पाणी सांडव्यावरून निघून सोमेश्वरच्या धबधब्यावरून रामकुंडापर्यंत येते तेव्हा भोवऱ्यांनी भरलेले असते. आदर्श द्रवाचे नियम खरे मानले तर हे घडायलाच नको. पेच त्याहून जुना आहे. १७५२ मध्ये दालांबेर यांनी गणिताने दाखवले होते की चिकटपणा नसलेल्या द्रवातून एकसारख्या वेगाने जाणाऱ्या वस्तूला काहीच अडथळा होत नाही. नदीत पाय घालून उभ्या राहिलेल्या कोणालाही हे पटणार नाही. दीडशे वर्षे गणिती एक सांगत राहिले आणि अभियंते दुसरेच पाहत राहिले. उत्तर १९०४ मध्ये हायडेलबर्गच्या गणित परिषदेत लुडविग प्रांट्ल यांच्या छोट्याशा निबंधातून आले. पाण्याचा चिकटपणा अगदी थोडा असला तरी भिंतीला लागून असलेला पाण्याचा थर भिंतीला चिकटून स्थिरच राहतो आणि थोड्याच अंतरावरचे पाणी पूर्ण वेगाने जाते. या पातळ थरात वेग झपाट्याने बदलतो, आणि वेगाचा असा बदल म्हणजेच गिरकी. पुढे हा थर भिंतीपासून सुटला की आत साठलेली गिरकी प्रवाहात उतरते आणि आपल्याला भोवरा दिसतो. हेल्महोल्ट्झ आणि केल्व्हिन यांचे नियम प्रवाहाच्या मध्यभागी जवळपास खरे ठरतात आणि काठाशी ते मोडतात. माझ्या मते एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांच्या सांध्यावर भौतिकशास्त्राने केलेल्या कामांत या विचाराला मिळते त्याहून वरचे स्थान मिळायला हवे. सापेक्षता आणि क्वांटम यांच्या गाजावाजात तो झाकला गेला.

नाशिकची नदी या विचाराचे चांगले उदाहरण आहे. रामकुंडाजवळ गोदावरी दक्षिणेकडे वळते आणि दक्षिणवाहिनी होते. या वळणाला मोठे धार्मिक महत्त्व आहे. वळणावर पाण्याला बाहेरच्या काठाकडे ढकलणारे बल वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. तळाशी पाणी मंद असल्याने तिथे ते बल कमी पडते, पण वरच्या पाण्याने उभा केलेला दाब तिथेही तितकाच असतो. म्हणून तळाचे पाणी आतल्या काठाकडे आणि वरचे बाहेरच्या काठाकडे सरकते, आणि सगळा प्रवाह पीळ घेत पुढे जातो. केल्व्हिनचे थोरले बंधू जेम्स थॉमसन यांनी १८७६ मध्ये हे सांगितले होते. १९२६ मध्ये आइन्स्टाइन यांनी नद्यांच्या वळणांवर लिहिताना चहाच्या पेल्याचा दाखला दिला: ढवळल्यावर चहाची पाने कडेला न जाता तळाच्या मध्यावर गोळा होतात. पिळाचे मूळ तळाच्या घर्षणात आहे, वळणात नाही. वळण त्याला फक्त दिशा देते. सिंहस्थाच्या निमित्ताने रामकुंड परिसरातल्या पात्राच्या तळाला काँक्रीट घातले गेले. त्यावरचा वाद मुख्यतः जुनी कुंडे आणि त्यांतले झरे बुजण्याबद्दल आहे आणि ते योग्यच आहे. पण गुळगुळीत तळ आणि खडबडीत तळ यांच्यावरून वाहणारी नदी एकसारखी वागत नाही. तळ बदलला की वेगाची वाटणी बदलते आणि भोवऱ्यांच्या जागाही हलतात. पात्राचा तळ आणि काठ ठरवताना हा प्रश्न स्थापत्याच्या नकाशावर यायला हवा, सुशोभीकरणाच्या नाही.

पुलाच्या खांबाचे प्रकरण तर अधिकच उघड आहे. खांबावर आदळलेले पाणी त्याच्या तोंडावरून खाली उतरते, तळाशी वळते आणि खांबाला घोड्याच्या नालेसारखा वेढा घालणारा भोवरा बनवते. हा भोवरा खांबाच्या पायाजवळची वाळू उपसतो. खांबामागे डावीकडून एक आणि उजवीकडून एक असे आळीपाळीने भोवरे सुटतात. थिओडोर फॉन कारमान यांनी १९११-१२ मध्ये त्यांचे गणित बसवले. दोन मीटर जाड गोल खांब आणि सेकंदाला तीन मीटरचा वेग धरला तर अशी एक जोडी साधारण तीन-चार सेकंदांना सुटते. भारतीय रस्ते काँग्रेसच्या नियमावलीत खांबाजवळची खरड ठरवताना सरासरी खरडीची खोली दुपटीने घेतात आणि पुलाच्या टोकाच्या आधारापाशी १.२७ पटीने. खांब आणि टोक यांच्यासाठी वेगवेगळा गुणक लागतो, यातच भोवऱ्याची दखल आहे. फक्त त्याचे नाव तिथे कुठे येत नाही. नाशिक शहरात पात्राखाली काळा बसाल्ट असल्याने खांबांचे पाय सहसा खडकात रोवता येतात. नदीच्या खालच्या टप्प्यातल्या गाळाच्या पात्रात ती सोय नसते. शिवाय पूर ओसरताना भोवरे मंदावतात आणि खणलेला खड्डा पुन्हा गाळाने भरतो, त्यामुळे उन्हाळ्यात पाहणीला गेलेल्याला पुरातला खड्डा दिसतच नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला, त्याच सुमारास गोदावरीलाही पूर आलेला होता. सावित्रीचे कारण काहीही असो, पुरात पडणाऱ्या पुलांबद्दलचा जगभरचा अनुभव सांगतो की घात बहुधा पायाखाली होतो. पाणी किती वर चढले याकडेच पाहत राहिलेली नजर तिथपर्यंत जात नाही.

भोवरा फक्त मोडतोड करतो असे मात्र कोणी समजू नये. पाण्यात तरंगणारा गाळ भोवऱ्यांच्या उचलीवरच टिकतो. निफाड तालुक्यात नांदूरमध्यमेश्वरला, गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ, बंधाऱ्यामुळे प्रवाहाचा वेग पडतो. भोवरे मरतात, गाळ खाली बसतो, उथळ दलदल तयार होते आणि हिवाळ्यात पक्षी उतरतात. २०२० मध्ये रामसर यादीत गेलेले हे महाराष्ट्रातले पहिले पाणस्थळ मरणाऱ्या भोवऱ्यांनी घडवले आहे, असे म्हटले तर ते वर्णन म्हणून नेमके ठरेल.

नाशिकपासून जवळच ओझरला काठाचा दुसरा उपयोग दिसतो. हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा तिथला कारखाना १९६४ मध्ये स्थापन झाला आणि तिथे मिग-२१ विमाने बनली. मिगचा पंख त्रिकोणी होता. मोठ्या कोनात नाक वर केले की पंखाच्या धारदार पुढच्या कडेवरून हवा सुटते आणि पंखाच्या पाठीवर दोन लांबट भोवरे बनतात. त्यांच्या गाभ्यातला दाब कमी असल्याने विमानाला जास्तीची उचल मिळते. दमट हवेत हे भोवरे पांढऱ्या वाफेच्या दोऱ्यांसारखे दिसतात. पुढे ओझरलाच बनलेल्या सुखोई-३० च्या पंखाच्या मुळाशी पुढे काढलेला भागही याच कामासाठी आहे, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथून पहिल्यांदा उडालेल्या तेजस मार्क-१ए चा पंखही त्रिकोणीच आहे. नदीत जो काठ त्रासदायक भोवरा देतो, तसाच काठ इथे मुद्दाम धार लावून वापरला जातो. कोन आणखी वाढला तर हेच भोवरे एकाएकी फुटतात आणि उचल ढासळते. केल्व्हिनचा नियमही इथे डोळ्यांपुढे येतो: विमान धावपट्टीवरून वेग घेताना पंखाभोवती अभिसरण तयार होते, आणि हिशेब जुळावा म्हणून तितकाच पण उलट्या दिशेचा एक भोवरा मागे सुटून राहतो.

आता आक्षेप. पहिला सरळ आहे: चक्रीवादळाला कुठली भिंत? ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले आणि मंदावत नाशिक जिल्ह्यावरून पुढे सरकले. त्याची गिरकी अरबी समुद्रावर बनली, कुठल्या खांबामागे नाही. हा आक्षेप खरा आहे आणि काठाचा सिद्धांत तिथे जसाच्या तसा लागू होत नाही. केल्व्हिनच्या नियमाला चिकटपणा नसणे पुरत नाही. घनता दाबाबरोबरच बदलावी, अशीही अट लागते. १८९८ मध्ये नॉर्वेच्या विल्हेल्म बियर्कनेस यांनी दाखवले की ही अट मोडली, म्हणजे समान दाबाच्या आणि समान घनतेच्या पातळ्या एकमेकींना छेदू लागल्या, की द्रवाच्या ऐन मध्यातही अभिसरण जन्मू शकते. चक्रीवादळ मात्र आपली गिरकी मुख्यतः पृथ्वीच्या परिवलनातून घेते. सभोवतालची हवा मध्याकडे ओढली जाताना ते परिवलन एकवटते, म्हणून विषुववृत्तालगतच्या पट्ट्यात अशी वादळे सहसा उभी राहत नाहीत. त्यांना चालवणारी उष्णता मात्र समुद्राच्या पृष्ठभागावरून येते आणि जमिनीशी गाठ पडताच ती तुटते. भिंत नसली तरी पाणी आणि हवा यांची सीमा निर्णायक राहते. माझे म्हणणे इथे थोडे सैल करावे लागते, सोडून द्यावे लागत नाही.

दुसरा आक्षेप प्लाझ्माचा. प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित कणांचा वायू, भिंतीला लागला तर संपतोच. हानेस आल्व्हेन यांनी १९४२ पासून दाखवले की वीज सहज वाहू देणाऱ्या द्रवात चुंबकीय बलरेषा द्रवातच गोठल्यासारख्या वाहतात. चुंबकीय क्षेत्राचे समीकरण आणि गिरकीचे समीकरण कागदावर इतकी सारखी दिसतात की चिन्हे बदलली तर एक दुसऱ्यासारखे वाटावे. हे साम्य मोहक आहे आणि म्हणूनच जपून वापरायला हवे. गिरकी ही वेगातूनच निघते, चुंबकीय क्षेत्राला तसे बंधन नसते. काठाचा मुद्दा मात्र प्लाझ्मात अनपेक्षित ठिकाणी परत येतो. टोकामाक म्हणजे प्लाझ्माला चुंबकीय कड्यात धरून ठेवणारे यंत्र. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत १९८९ पासून आदित्य हा टोकामाक चालला. त्यात उष्णता बाहेर निसटते ती लहान भोवऱ्यांमधून. त्यांचे हासेगावा-मिमा समीकरण (१९७८) वातावरणातल्या मोठ्या लाटांच्या समीकरणाशी जुळते. १९८२ मध्ये जर्मनीतल्या अस्डेक्स यंत्रावर फ्रिट्झ वाग्नर यांच्या गटाला एक अवस्था सापडली. प्लाझ्माच्या बाहेरच्या कडेला एक पातळ थर बनतो, त्यात प्रवाहाचा वेग थराथराने बदलतो, आणि तो बदल भोवऱ्यांना फाडून टाकतो. उष्णता आत टिकते. नदीत काठ भोवरे जन्माला घालतो, इथे काठ ते मारतो, आणि दोन्हींत नियंत्रण काठाकडेच आहे.

तिसरा आक्षेप व्यावहारिक लोकांचा आहे, आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो: समीकरणे माहीत आहेत, संगणक आहेत, मग तत्त्वाची चर्चा कशाला? हिशेब करून पाहू. तीन मीटर खोल आणि सेकंदाला दोन मीटर वेगाच्या प्रवाहाचा रेनॉल्ड्स अंक, म्हणजे वेग आणि खोली यांच्या गुणाकाराला चिकटपणाने भागून येणारा आकडा, साठ लाखांच्या घरात जातो. कोल्मोगोरोव्ह यांच्या १९४१ च्या सिद्धांताप्रमाणे त्यातल्या सगळ्यांत लहान भोवऱ्यांचा आकार मिलिमीटरच्याही अंशात असतो. ते सगळे टिपायचे तर नदीच्या छोट्याशा तुकड्यासाठीही दहाच्या पंधराव्या घाताएवढे बिंदू लागतील. म्हणून प्रत्यक्षात लहान भोवरे न मोजता त्यांच्यासाठी अंदाजाचे सूत्र घालतात, आणि ते सूत्र सर्वांत कच्चे ठरते भिंतीजवळ. छोट्या प्रतिकृतींचीही हीच अडचण आहे. नाशिकला दिंडोरी रस्त्यावरची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, जिला सगळे ‘मेरी’ म्हणतात, १९५९ पासून धरणे आणि सांडव्यांच्या अभ्यासाशी जोडलेली आहे. पुण्याजवळ खडकवासल्याचे केंद्र त्याहून जुने, १९१६ चे. समजा, सांडव्याची प्रतिकृती १:५० प्रमाणात केली. गुरुत्वाच्या नियमाने वेग सुमारे सातपट कमी ठेवावा लागतो आणि प्रतिकृतीतला एक तास नदीतल्या सात तासांएवढा होतो. रेनॉल्ड्स अंक मात्र जवळपास साडेतीनशे पटीने घसरतो. लाटा बरोबर उतरतात, पण भिंतीजवळचा थर तसा उतरत नाही. अनुभवी अभियंत्याला हे ठाऊक असते आणि तो खडबडीतपणा वेगळा सांभाळतो. तो काय सांभाळतो आणि का, हे तत्त्वाशिवाय कळत नाही.

शुद्ध गणितात मात्र काठ मुद्दाम काढून टाकलेला आहे. क्ले संस्थेने २००० साली दहा लाख डॉलरचे बक्षीस लावलेला, चिकट प्रवाहाच्या नेव्हिए-स्टोक्स समीकरणांचा प्रश्न अमर्याद किंवा पुन्हापुन्हा तेच येणाऱ्या अवकाशात मांडला आहे. तिथे भिंत नाहीच. प्रश्न असा, की गुळगुळीत सुरुवात केलेला प्रवाह पुढे कुठे तरी अनंत होऊन फुटेल का? म्हणजे हा प्रश्न गिरकीच्या वाढीचा आहे, जन्माचा नाही. भोवऱ्याची दोरी ताणली की ती बारीक होते आणि जास्त वेगाने फिरते. हा ताण फक्त तीन मितींत घडतो. दोन मितींत तो नसल्याने ओल्गा लादिझेन्स्काया यांना तिथला प्रश्न सोडवता आला. १९८४ मध्ये बील, काटो आणि माज्दा यांनी दाखवले की चिकटपणा नसलेल्या ऑयलर प्रवाहात फुटण्याआधी गिरकीचे कमाल मूल्य बेलगाम वाढावेच लागते. म्हणजे वाढ प्रवाहाच्या आत होते आणि माझे म्हणणे जन्मापुरतेच उरते. तरीही २०१४ मध्ये ग्वो लुओ आणि थॉमस हाऊ यांना ऑयलरच्या समीकरणात फुटण्याचा सबळ पुरावा सापडला तो नळकांड्याच्या भिंतीपाशी, आणि २०२२ मध्ये जियाजिए चेन आणि हाऊ यांनी त्याची सिद्धता मांडली ती भिंत असलेल्या प्रवाहासाठीच. भिंत काढली आणि सुरुवात गुळगुळीत ठेवली तर तेच घडेल का, हे अजून कोणालाही सिद्ध करता आलेले नाही.